मोजून आलेलं ताट

जपानी सरकारी शाळेत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून रुजू झालात की पहिल्या दोन-तीन दिवसांतच विचारणा होते: क्यूशोकु, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, घेणार, की डबा आणणार? विचारणारे बहुधा उपमुख्याध्यापक असतात, सगळे त्यांना ‘क्योतो-सेन्सेई’ म्हणतात. प्रश्न इतका सहज येतो की मराठी माणूस भिडेपोटी ‘हो, चालेल’ म्हणून मोकळा होतो. तसं करू नका. एका दिवसाची मुदत मागून घ्या आणि त्या महिन्याच्या पदार्थांचा छापील तक्ता, म्हणजे ‘कोन्दाते-ह्यो’, आधी वाचून काढा.

कारण क्यूशोकु डोकी मोजून येतं. वर्गात तीस मुलं, एक वर्गशिक्षक आणि तुम्ही असाल तर तळलेल्या माशाचे तुकडे बत्तीस येतात. तेहेतिसावा नसतो. भात आणि सूप थोडं इकडेतिकडे करता येतं. मासा, पुडिंग, दुधाचं खोकं यांत ते जमत नाही. परदेशी शिक्षकाच्या जेवणात जे घोळ होतात त्यांतले बहुतेक या मोजणीपाशीच सुरू होतात. तुमचं ताट कुठल्या वर्गात धरलं आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं आणि तुम्ही दुसऱ्याच वर्गात जाऊन बसता. तिथे एक वाटा कमी पडतो, इकडे तुमचा वाटा शिक्षकखोलीत गार होतो. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीलाच विचारून घ्या की कुठल्या दिवशी कुठला वर्ग, आणि ताट त्या वर्गाच्या भांड्यांत येणार की शिक्षकखोलीत. शिक्षकखोलीत येणार असेल तर ते उचलून वर्गात न्यायचं काम तुमचं.

तीन-चार शाळा फिरणाऱ्यांनी प्रत्येक शाळेत वेगळी नोंद करायची. जेवण नको असेल तर किती दिवस आधी कळवायचं, हे प्रत्येक गावाचं निराळं असतं: कुठे तीन-चार कामाचे दिवस, कुठे पुरता आठवडा. मुदत उलटली की जेवण येतं आणि पैसेही लागतात. संकष्टी किंवा एकादशी धरणाऱ्यांनी पुढच्या महिन्याचा तक्ता हाती येताच कालनिर्णय शेजारी ठेवून तारखा लिहून द्याव्यात. आदल्या संध्याकाळी आठवण झाली तर उपयोग नाही. श्रावणाची काळजी त्यामानाने कमी, कारण जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत बहुतेक शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. तक्त्यातले मोकळे चौकोनही बघून ठेवा. सहल, क्रीडादिन किंवा अर्ध्या दिवसाची शाळा असेल तेव्हा क्यूशोकु नसतं, आणि त्या दिवशी डबा नसेल तर उपाशी राहायची वेळ येते.

पैशांचं गणित साधं आहे. 1954 च्या शालेय भोजन कायद्याप्रमाणे इमारत, यंत्रसामग्री आणि स्वयंपाक करणाऱ्यांचे पगार ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी. जेवणाऱ्याकडून घेतात ते फक्त शिधासामग्रीचे. म्हणून प्राथमिक शाळेतलं एक ताट साधारण 250 ते 300 येनमध्ये पडतं. कोपऱ्यावरच्या दुकानात तेवढ्यात दोन ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, नीट येत नाहीत. बऱ्याच गावांनी मुलांचं जेवण मोफत केलं आहे. शिक्षकांना मात्र तिथेही पैसे भरावे लागतात.

या प्रथेची सुरुवात 1889 मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका इथे झाली, असं मानतात. एका देवळातल्या शाळेत गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला भाजका मासा आणि लोणचं दिलं जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी मदतीतून आलेली दूध पावडर आणि पाव यांवर एक पिढी वाढली. भात अधिकृतपणे परत आला तो थेट 1976 मध्ये. आज आठवड्यातले तीन-चार दिवस भात, उरलेले दिवस पाव किंवा नूडल्स, आणि रोज 200 मिलिलिटर दूध. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) घातलेलं सूप आणि भाताबरोबर गार दूध कशाला, हा प्रश्न जपान्यांनाही पडतो. निइगाता प्रांतातल्या सान्जो शहराने 2014 च्या डिसेंबरपासून चार महिने जेवणातलं दूध बंद करूनही पाहिलं होतं. तरी देशभर दूध टिकून आहे ते कॅल्शियममुळे. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी एका जेवणाचं मानक 650 किलोकॅलरी, 350 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि मीठ 2 ग्रॅमपेक्षा कमी असं आहे. बारा ते चौदा वयासाठी 830 किलोकॅलरी आणि मीठ अडीच ग्रॅमच्या आत. दूध काढलं तर कॅल्शियमचा आकडा गाठताना आहारतज्ज्ञांची दमछाक होते.

मिठाच्या त्या आकड्याचा अर्थ तुमच्या जिभेला पहिल्याच घासाला कळेल. जेवण अळणी नसतं, पण झणझणीत काहीच नसतं, करीसुद्धा गोडसर असते. यावर उपाय म्हणून घरून चटणीची डबी नेऊ नका, आणि शेंगदाण्याची तर मुळीच नको. ॲलर्जीमुळे ज्या पदार्थांचा उल्लेख जपानमध्ये वेष्टनावर सक्तीचा आहे त्यांपैकी भुईमूग एक. काही मुलांना त्याचा कणही घातक ठरू शकतो, आणि चटणीचा कण कुठे उडेल याचा भरवसा नसतो. डबा आणणाऱ्यांनीही शाळेच्या दिवशी दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी टाळावीत. हा नियम शाळेने सांगितला नसला तरी स्वतःहून पाळावा.

आता शाकाहाराबद्दल जरा सविस्तर, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे होतात.

‘मी बेजितारियन आहे’ एवढं सांगून भागत नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जास्त भाजी खाणारा माणूस येतो. ‘निकु’, म्हणजे मांस, खात नाही म्हटलं तर गाय आणि डुक्कर वगळले जातात. हॅम, बेकन, सॉसेज, कधी कधी कोंबडीसुद्धा त्या शब्दात धरली जात नाही, आणि मासा तर नाहीच. म्हणून एकेक नाव घेऊन सांगा: निकु मो, साकाना मो, हामु मो, बेकोन मो ताबेमासेन. त्यापुढचा खरा अडसर ‘दाशी’. सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या पापुद्र्यांचा, किंवा निबोशी म्हणजे छोट्या सुक्या माशांचा हा अर्क मिसो सूपमध्ये असतो, उकडलेल्या बटाट्यात असतो, भोपळ्याच्या भाजीत असतो, हिजिकी नावाच्या समुद्री शेवाळाच्या परतलेल्या भाजीतही असतो. दिसत नाही, पण आपल्याकडे फोडणी जितक्या पदार्थांत असते तितक्याच पदार्थांत ती असते. नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन स्वतः शाकाहारी, पण सोबतच्या छोट्या पुडीतल्या सॉसमध्ये बहुधा माशाचा अर्क असतो. करीत बहुतेक भागांत डुकराचं मांस, ओसाकाच्या बाजूला गोमांसही. आणि तुकडे बाजूला काढले तरी विकतचा रू (करी दाट करायची तयार वडी) वापरला असेल तर त्यात गाईची किंवा डुकराची चरबी असू शकते. जेलीत जिलेटिन असतं, मात्र ‘कांतेन’ लिहिलं असेल तर ते अगर-अगर, म्हणजे वनस्पतिजन्य.

तक्ता वाचायची पद्धत अशी: प्रत्येक दिवसापुढे घटक तीन रंगांच्या रकान्यांत विभागलेले असतात. लाल म्हणजे शरीर घडवणारे (मांस, मासे, अंडी, दूध, डाळी, तोफू), हिरवा म्हणजे प्रकृती राखणारे (भाज्या, फळं, अळंबी), पिवळा म्हणजे ताकद देणारे (तांदूळ, पाव, तेल, साखर). लाल रकाना आधी वाचा. बुता म्हणजे डुक्कर, ग्यू म्हणजे गाय-बैल, तोरी म्हणजे कोंबडी, साकाना म्हणजे मासा, एबी म्हणजे कोळंबी, इका म्हणजे माकूल, तामागो म्हणजे अंडं. हे शब्द त्यांच्या कांजी अक्षरांसह वहीत उतरवून घेतले की तासाभरात अख्ख्या महिन्यावर खुणा करून होतात. पण पिवळ्या रकान्यातला रू आणि कुठेच न लिहिलेली दाशी या तक्त्यातून कळत नाहीत. त्यासाठी ॲलर्जीवाल्या मुलांच्या पालकांना देतात तो सविस्तर तक्ता, ‘शोसाई कोन्दाते-ह्यो’, मागून घ्या. तो शाळेच्या आहारशिक्षिकेकडे मिळतो. या पदाला ‘एइयो-क्योयु’ म्हणतात आणि ते 2005 पासून आहे. प्रत्येक शाळेत अशी व्यक्ती असेलच असं नाही.

तुमच्यासाठी वेगळं शिजवा, असं मात्र मागू नका. शाळेचं स्वतःचं स्वयंपाकघर असलं तरी काही शे ताटं, आणि मध्यवर्ती केंद्र असेल तर काही हजार ताटं एका वेळी निघतात. तोक्योजवळच्या चोफू शहरात 2012 च्या डिसेंबरमध्ये दुधाची ॲलर्जी असलेली पाचवीतली मुलगी चीज घातलेला पदार्थ दुसऱ्यांदा वाढून घेतल्यानंतर दगावली. त्यानंतर 2015 मध्ये जे राष्ट्रीय मार्गदर्शन आलं त्याचा गाभा असा की वेगळेपणाचे प्रकार जितके कमी तितका धोका कमी. ॲलर्जीच्या मुलांची ताटं सांभाळण्यातच स्वयंपाकघराचं सगळं लक्ष लागलेलं असतं. मोठ्या माणसाच्या आवडीनिवडीचं किंवा व्रताचं ओझं त्यावर टाकणं बरोबर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग काय करायचं? दाशी चालत नसेल तर सरळ रोज डबा. अर्धवट मार्ग, म्हणजे नुसता भात आणि दूध घेणं, काही ठिकाणी जमतो, बऱ्याच ठिकाणी जमत नाही. तो मिळाला तरी महिन्याच्या वीस दिवसांत पोटभर होतील असे दिवस बोटांवर मोजण्याइतकेच निघतात. दाशी चालत असेल आणि मांस-मासे नको असतील तर क्यूशोकु घेऊन नको तो पदार्थ जेवण सुरू होण्याआधी परत करायचा. फक्त गोमांस नको असेल तर ते दिवस आधी हेरा, बाकी काही करावं लागत नाही. आणि सोमवार-गुरुवार-शनिवार पाळणारे असाल तर तक्ता तुमचे वार ओळखत नाही, हे गृहीत धरून त्या दिवसांची नोंद महिन्याच्या सुरुवातीलाच रद्द करा. शनिवारचा प्रश्न बहुतेक वेळा सुट्टीनेच सुटतो.

मासे खाणाऱ्या कोकणी किंवा गोव्याच्या माणसाला हे जेवण घरच्यासारखं वाटेल. मिसोत शिजवलेला साबा म्हणजे बांगड्याचाच भाऊबंद. शिशामो मांदेलीसारखा डोक्या-शेपटीसकट, गाबोळीसकट खायचा. काटे काढत बसायचं नाही. पावाच्या दिवशी ‘आगेपान’ आलं तर त्या दिवशी वर्गातली उपस्थिती चांगली असते: लांबट पाव तळून त्यावर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ आणि साखर भुरभुरवलेली. तोक्योच्या ओता वॉर्डातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात 1952 मध्ये, गैरहजर मुलांच्या घरी पोचेपर्यंत पाव कडक होतो म्हणून हा प्रकार निघाला. ‘सॅलड’ नावाचा पदार्थ मात्र शिजवून गार केलेल्या भाज्यांचा निघेल. 1996 मध्ये साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ओ-157 जिवाणूची बाधा होऊन हजारो मुलं आजारी पडली, तेव्हापासून भाज्या शिजवूनच द्यायच्या असा दंडक पडला. आतल्या भागाचं तापमान 75 अंशांवर निदान एक मिनिट गेलं पाहिजे, शिजल्यापासून दोन तासांत जेवण झालं पाहिजे, प्रत्येक पदार्थाचा 50 ग्रॅम नमुना उणे 20 अंशांखाली दोन आठवडे ठेवला पाहिजे. मुलांच्या अर्धा तास आधी मुख्याध्यापक एक ताट जेवून बघतात, त्याला ‘केनशोकु’ म्हणतात. आपल्या शालेय पोषण आहारात शिक्षकाने आधी चव घ्यायची असते, तशीच ही रीत. याच काटेकोरपणामुळे उरलेला पाव किंवा पुडिंग पिशवीत घालून घरी नेता येत नाही, शिक्षकालाही नाही.

चौथा तास सव्वाबाराच्या आसपास संपतो आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जेवणाची. ही तुमची मधली सुट्टी नव्हे. अभ्यासक्रमात जेवण हा शिकवण्याचा भाग धरला आहे. पाळी असलेली मुलं, ‘तोबान’, हात धुऊन पांढरा डगला, टोपी, मास्क चढवतात आणि भांडी आणायला जातात. कुणाला जुलाब, ताप, उलटी नाही ना, हे वर्गशिक्षक आधी विचारतात. सूपचं भांडं दोघं मिळून उचलतात. इथे मदत करायला हात शिवशिवतात, पण मदत जिन्यावर आणि दाराशी करा. वाढण्याचं काम मुलांचंच. तुम्ही वाढायला लागलात तर डगला-टोपी तुम्हालाही लागेल, आणि मुलांची अंदाज घ्यायची सवय मोडेल. तीस वाट्यांत सूप सारखं पडावं यासाठी पहिल्या पाच वाट्या जरा कमी भरायच्या आणि भांड्यात उरलेलं शेवटी वाटायचं, हे तिसरीतल्या मुलांना पक्कं ठाऊक असतं.

ताटात भात डावीकडे पुढे, सूप उजवीकडे पुढे, मुख्य पदार्थ मागे. भाताची आणि सूपची वाटी डाव्या हातात उचलून तोंडाजवळ न्यायची. आपल्याकडे वाटी तोंडाला लावली तर मोठी माणसं डोळे वटारतात, इथे वाटी खाली ठेवून वाकून खाल्लं तर ते वाईट दिसतं. सूप भातावर ओतून कालवू नका. वरण-भाताच्या सवयीने हात तिकडे जातोच, पण मुलांना हेच करू नका म्हणून शिकवलेलं असतं. भात, भाजी, दूध यांचे घास आलटून पालटून घ्यायचे. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका, आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत पदार्थ देऊ नका. दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. करीच्या दिवशी चमचा असतो, पाव हाताने तोडतात.

जेवण सुरू करताना सगळे मिळून म्हणतात ते ‘इतादाकिमास’ म्हणायच्या आधी किंवा म्हटल्याबरोबर, काड्या ताटाला लागायच्या आत, नको तेवढं भांड्यात परत घालायची मुभा असते. याला ‘हेरासु’ म्हणजे कमी करणं म्हणतात. शाकाहारी शिक्षकाची सोय हीच. एकदा उष्टं झालं की पदार्थ परत जात नाही. नको असलेला तुकडा शेजारच्या मुलाच्या ताटात प्रेमाने ठेवणं मात्र पूर्ण वर्ज्य: त्या मुलाला काय चालतं, काय नाही, हे तुम्हाला माहीत नसतं. चोफूची घटना दुसऱ्यांदा वाढलेल्या घासाची होती, हे विसरू नका. न फोडलेलं दूधही क्रेटमध्ये परत ठेवायचं, कुणाला द्यायचं नाही.

जास्तीच्या वाढपाला ‘ओकावारी’ म्हणतात. गैरहजर मुलाचं पुडिंग उरलं की मुलं जानकेन, म्हणजे दगड-कागद-कात्री खेळतात आणि परदेशी शिक्षकाला आग्रहाने बोलावतात. खेळा, पण हरायची तयारी ठेवून खेळा आणि जिंकलात तर हक्क सोडून द्या. भर भर खाण्याची शर्यत कधीही लावू नका. फुकुओका प्रांतातल्या मियामा शहरात 2024 च्या फेब्रुवारीत पहिलीतल्या मुलाचा लावीचं अंडं घशात अडकून मृत्यू झाला. त्यानंतर कित्येक ठिकाणी हे अंडं जेवणातून काढलं गेलं. चेरी टोमॅटो, लावीचं अंडं, तांदळाचे गोळे आले की शेजारच्या लहान मुलांना हसवू नका, तोंडात घास असताना प्रश्न विचारू नका. इंग्रजीचा सराव जेवणाच्या पहिल्या पाच मिनिटांत किंवा शेवटी.

खायला प्रत्यक्षात वीस मिनिटं मिळतात, माध्यमिक शाळेत पंधराच. सावकाश जेवणाऱ्याने थोडं कमी करून घ्यावं, कारण जेवण संपल्यावर म्हणायचं ‘गोचिसोसामा’ म्हणायला पूर्ण वर्ग तुमच्यासाठी थांबतो. 2013 च्या पर्यावरण मंत्रालयाच्या पाहणीत दर मुलामागे वर्षाला 7.1 किलो उष्टं निघालं होतं, त्यामुळे संपवण्याचा आग्रह असतो; पण रडेपर्यंत बसवून खायला लावण्याविरुद्ध आता जपानमध्येच मोठा आवाज उठला आहे. एखादं मूल एकटं ताटापुढे बसलं असेल तर निर्णय वर्गशिक्षकांचा. तुम्ही ना दटावा, ना गुपचूप सोडवा.

मेजाच्या खणात कायम ठेवायच्या गोष्टी: डबीतल्या स्वतःच्या काड्या, एक लहान चमचा, ताटाखाली पसरायचा कापडी रुमाल, पेला, दात घासायचा ब्रश. जेवणानंतर मुलं रांगेने दात घासतात आणि सेन्सेईचा, म्हणजे तुमचा, ब्रश कुठे आहे, हे नक्की विचारतात. दुधाच्या खोक्याची रीत शाळेगणिक बदलते: कुठे नुसतं चपटं करून रचायचं, कुठे कडा उसवून, बादलीतल्या पाण्यात विसळून, उघडं करून वाळत लावायचं. पहिल्या दिवशी शेजारच्या मुलाला करायला सांगा आणि त्याच्या हातांकडे बघा. वाट्या एकात एक, भाताच्या वेगळ्या, सूपच्या वेगळ्या, काड्यांची टोकं एका दिशेला. भांडी मोजून आली तशी मोजूनच परत जातात, आणि एक वाटी कमी पडली तर तोबानची मुलं जिन्यावरून परत वर येतात.